मावल्याहून शिकागो कोणत्या दिशेला?

आदिलाबादला लागून असलेले मावला राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. याच रस्त्याने उत्तरेला नागपूर आणि दक्षिणेला हैदराबाद गाठता येते. आखाती देशांत किंवा अमेरिकेत जायचे तर विमान बहुधा हैदराबादजवळच्या शमशाबादहून धरावे लागते. मात्र लांबच्या हवाई अंतरांचा आणि वेळेचा अंदाज अनेकदा भिंतीवरच्या नकाशावरून बांधला जातो, आणि तिथेच फसगत होते.

अमेरिका पश्चिमेला आहे, तेव्हा विमान पश्चिमेकडेच निघणार, हा नेहमीचा समज. सपाट नकाशावर हैदराबाद आणि शिकागो यांमध्ये पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. ती वाट सुमारे १६,१०० किमी भरते. पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणी दोरा ताणून धरला तर तो आर्क्टिकवर ७९ अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि लांबी भरते सुमारे १३,२८० किमी. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. मावल्यात उभे राहून शिकागोकडे तोंड करायचे तर ते उत्तरेपासून जेमतेम ११ अंश पश्चिमेला वळवावे लागेल. म्हणजे मुंबईच्या नव्हे, साधारण दिल्लीच्या बाजूला. एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये हैदराबाद–शिकागो थेट सेवा सुरू केली होती.

अर्थात दोरा दाखवतो ती किमान लांबी. बंद हवाई हद्दी, हवामान आणि वारा पाहून प्रत्यक्ष मार्ग ठरतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला.

अंतर जास्त म्हणजे वेळही जास्त, हेही दरवेळी खरे नसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून गेले. ही वाट सुमारे १५,३०० किमीची, नेहमीच्या वाटेहून हजारावर किलोमीटरने लांब. तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर झाला. कारण पाठीशी वारा होता. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्याला ते ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात. ‘पृथ्वी खालून फिरते, म्हणून पश्चिमेला लवकर पोहोचतो’ हा तर्क म्हणूनच टिकत नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि हवेबरोबर विमानही.

हैदराबाद–दुबई हे अंतर सुमारे २,५५० किमी. जाताना साधारण चार तास लागतात, येताना साडेतीन. घड्याळ मात्र उलटेच सांगते. सकाळी दहाला निघालेला माणूस दुबईत साडेबाराला उतरतो आणि घरी फोन करून ‘अडीच तासांत पोहोचलो’ म्हणतो. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, एवढाच तो चमत्कार. येताना हाच दीड तास उलटा भरतो, आणि साडेतीन तासांचा प्रवास तिकिटावर पाच तासांचा दिसतो.

जवळच्या प्रवासात वेगळाच घोळ होतो. नागपूर–हैदराबाद हवाई अंतर सुमारे ४३० किमी. ताशी ८५० किमी वेगाने अर्ध्या तासात संपावे, असा हिशेब कोणीही करील. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो. तो जागेवरून विमान हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, खाली उतरणे आणि कधी घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते. पूर्ण वेगाने उडण्याचा काळ त्यातला थोडाच.