थुंकी साफ आली, तरी टीबी असू शकतो

"थुंकीत काही निघालं नाही, मग टीबी नाही ना?" वस्त्यांमध्ये फिरताना हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांनी एवढ्यावर निश्चिंत राहू नये. का, ते समजून घेऊ.

टीबीचा जंतू हवेतून पसरतो. दाटीच्या, हवा न खेळणाऱ्या घरात तो पुष्कळांच्या छातीत शिरतो. पण शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, त्याच्याभोवती जमून जणू भिंत बांधतात. जंतू आत जिवंत असला तरी कोंडलेला राहतो. अशा १०० माणसांपैकी ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो.

ही भिंत बांधायला आणि टिकवायला सीडी-४ नावाच्या पेशी लागतात. एचआयव्ही नेमका त्यांनाच मारतो. भिंत ढासळते, जंतू मोकळा सुटतो. इतरांना आयुष्यभरात जेवढा धोका, जवळपास तेवढाच एआरटीची गोळी न घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताला एकेका वर्षात असतो.

फसगत पुढेच आहे. फुप्फुसात खड्डे पडतात ते जंतू आणि प्रतिकारशक्तीच्या झटापटीतून. प्रतिकारशक्तीच थकली की खड्डे पडत नाहीत, थुंकीत जंतू कमी येतात, एक्स-रेही साफ दिसू शकतो. हातावरची मॅन्टू टेस्ट उठत नाही, कारण ती उठवणाऱ्याही याच पेशी. कधी टीबी गाठींत, पोटात किंवा मेंदूच्या आवरणात असतो.

म्हणून एचआयव्ही असेल तर:

- खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम – यातले एक जरी असले तरी दोन आठवडे थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.
- फक्त दुर्बिणीखालची तपासणी झाली असेल तर सीबीनॅट तपासणीबद्दल विचारा.
- टीबी नसल्याची खात्री झाल्यावर टीबी टाळण्याच्या औषधाबद्दल एआरटी सेंटरमध्ये विचारा.
- एआरटीची गोळी चुकवू नका. तिनेच सीडी-४ पेशी पुन्हा वाढतात.

आणि टीबी निघालेल्या प्रत्येकाने एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. दोन्ही तपासण्या आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

लोक काय म्हणतील, या भीतीने घरात बसू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे आणि भेदभावाला मनाई केली आहे. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.