कृपेने तारण आणि खेळाडूचे जीवन : एक विवेचन

प्रस्तावना

खेळाडूचे जीवन मोजमापाचे असते. सेकंद, धावा, पदके आणि निवड समितीचा निर्णय यांवर त्याची योग्यता ठरते. याउलट ख्रिस्ती धर्मविचारातील तारण हे कमावता येत नाही; ते दान म्हणून स्वीकारावे लागते. श्रमावर उभ्या असलेल्या जीवनात या विचाराचे स्थान कोणते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कृपा आणि प्रयत्न

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायानुसार मनुष्याचे तारण देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. ते कर्मांचे फळ नसल्याने त्याविषयी कोणासही बढाई मारता येत नाही. सत्कर्मे तेथे नाकारलेली नाहीत. मात्र ती तारणाची किंमत नसून त्याचा परिणाम होत. कृपेची ही भाषा मराठी मनाला परकी नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेतील एका सहप्रवाशाकडून नवा करार मिळालेल्या कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आपली ख्रिस्तभक्ती अभंग व कीर्तन यांच्या वळणाने मांडली.

कृपेमुळे परिश्रम अनावश्यक ठरतात, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कृपेचा पुरस्कार करणाऱ्या पौलानेच करिंथकरांस लिहिताना धावपटूचा दृष्टान्त दिला. करिंथजवळ इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असत. त्यामुळे वाचकांना तो सहज उमगणारा होता. संयम आणि सराव यांचा त्याने गौरव केला, तरी विजेत्याचा मुकुट नाशवंत आहे हेही सांगितले. आधुनिक काळात स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावणे नाकारून त्यांनी शंभर मीटरची शर्यत सोडली, चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि पुढील वर्षी ते मिशनरी म्हणून चीनला गेले.

विजय हजारे यांचा धावफलक

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करताना १९१५ मध्ये सांगली येथे मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले विजय हजारे यांचे स्मरण होते. मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मनिहाय संघांची होती आणि हजारे ‘रेस्ट’ म्हणजे ‘इतर’ संघातून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या; तरीही संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीत त्यांनी ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध ११६ व १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. तो सामनाही भारताने डावाने गमावला. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला आणि जूनमध्ये लीड्स येथे त्यांच्याच संघाचे दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद झाले.

या आकड्यांवरून हजारे यांची श्रद्धा मोजणे योग्य ठरणार नाही. मात्र सर्वोत्तम कर्तृत्व आणि अनुकूल निकाल यांची सांगड नेहमी बसतेच असे नाही, हे त्यांतून स्पष्ट होते. मनुष्याचे मूल्य केवळ निकालावर ठरवल्यास ३०९ धावांची खेळीही पराभवाच्या खात्यात जमा होते.

समारोप

कृपेचा सिद्धान्त खेळाडूला विजयाचे आश्वासन देत नाही; तसा अर्थ लावल्यास कृपाही बक्षीसच ठरेल. देवाने केलेला स्वीकार सामन्यापूर्वीच झालेला आहे, हे तो सांगतो. त्यामुळे सराव भीतीपोटी न होता कृतज्ञतेपोटी होतो, विजयात नम्रता येते आणि पराभवात आत्मसन्मान टिकतो. गुणपत्रिका व निवड यादीवरून स्वतःला जोखणाऱ्या विद्यार्थी-खेळाडूंना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी, ते कोणत्याही धर्माचे असोत, हा भेद विचारात घेण्याजोगा आहे.