पेडलला जोडलेला पाय

रविवारी सकाळी नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या दिशेने निघालेल्या सायकलींच्या घोळक्यात एक प्रसंग अधूनमधून पाहायला मिळतो. सिग्नल लाल होतो, सगळे थांबतात आणि त्यातला एक जण जागच्या जागी, सावकाश, झाड कलंडावे तसा आडवा होतो. कोणी धक्का दिलेला नसतो, खड्डाही नसतो. त्याचा बूट पेडलमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवायचे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. सोबतचे हसतात, तोही हसतो, कपडे झटकून पुढे निघतो. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. कधी संध्याकाळपर्यंत मनगट सुजते. आणि जे कधीच पडत नाहीत, त्यांच्यापैकीही काहींचा गुडघा महिन्या-दीड महिन्यात कुरकुर करू लागतो. सायकल तीच, रस्ता तोच. बदललेले असते फक्त पेडल.

नाशिकला सायकलचे वेड नवे नाही. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. 2017 मध्ये तेव्हा नाशिकमध्ये असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी जाते. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा चांगली सायकल घेणारे इथे गल्लोगल्ली भेटतात. कोणी 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी करतो, कोणाला कसारा घाट चढून यायचे असते. आधी सायकल, मग हेल्मेट, मग तंग चड्डी आणि शेवटी कोणीतरी सांगते, ‘आता क्लीट लावा, वेग वाढेल.’

हे प्रकरण काय आहे ते आधी पाहू. या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेले. पण पाय तर चांगलाच अडकतो, मग क्लिप नाही ती कुठली? पूर्वीच्या शर्यतींतले सायकलपटू पेडलवर लोखंडी पिंजरा बसवून त्यात बोटे घालत आणि चामडी पट्ट्याने बूट आवळत. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. 1984 मध्ये बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याची साधने बनवणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने तीच युक्ती सायकलला लावली. बुटाच्या तळाला एक पट्टी, म्हणजे क्लीट. ती पेडलच्या खाचेत दाबली की खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. पुढच्याच वर्षी बर्नार्ड हिनॉ यांनी असे पेडल वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. पिंजरा गेला, नाव मात्र त्याच्या आठवणीने पडले. हिनॉ यांनाही गुडघ्याने छळले होते: 1980 ची टूर आघाडीवर असताना सोडावी लागली आणि 1983 मध्ये शस्त्रक्रिया झाली. ते सगळे पिंजऱ्याच्या काळातले, त्यामुळे गुडघेदुखीचे खापर नव्या पेडलवरच फोडणे बरोबर होणार नाही.

वेग खरोखर वाढतो का? दुकानात सांगतात की पाय बांधलेला असला की पेडल खाली दाबता येते तसे वरही ओढता येते, म्हणजे दुप्पट ताकद. ऐकायला पटते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ सायकलपटूंना वेगवेगळ्या पद्धतीने पेडल मारायला लावून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. मुद्दाम वर ओढताना पेडलवरचा जोर जास्त चांगल्या दिशेने लागत होता, पण शरीराची ऊर्जाही जास्त खर्च होत होती. मांडी उचलणारे स्नायू त्या कामासाठी घडलेलेच नाहीत. एकूण हिशेब तोट्यात गेला. अभ्यास लहान आहे, पण ‘दुप्पट ताकदी’चा दावा त्यापुढे टिकत नाही. मग फायदा कसला? खडबडीत रस्त्यावर किंवा जोरात पेडल मारताना पाय घसरत नाही, उभे राहून चढ चढताना विश्वास वाटतो, बुटाचा तळ कडक असल्याने तळव्यावरचा दाब पसरतो. आठ-दहा तास सायकलवर बसणाऱ्याला हे फायदे महत्त्वाचे वाटतात. गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणाऱ्याला ते फारसे जाणवणारही नाहीत.

आता गुडघ्याकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर एका तासात प्रत्येक गुडघा 4800 वेळा वाकतो आणि सरळ होतो. त्र्यंबकेश्वरला जाऊन यायला अडीच तास लागले तर 12,000 वेळा. साध्या पेडलवर पाय मोकळा असतो. तो नकळत इकडेतिकडे सरकतो आणि गुडघ्याला सोयीची जागा शोधतो. गुडघा दिसतो दाराच्या बिजागरीसारखा, पण वाकताना नडगीचे हाड किंचित गोलही फिरते. ते फिरणे प्रत्येकाचे वेगळे. एखाद्याची पावले चालताना सरळ पडतात, एखाद्याची बाहेर फाकलेली. ओल्या पायांनी फरशीवर चालून मागे वळून पाहिले की आपले आपल्याला कळते. पुष्कळांचे तर दोन पायही सारखे नसतात. क्लीट बसवणाऱ्याने दोन्ही बुटांवर ती नाकासमोर सरळ बसवली, तर फाकलेल्या पावलाच्या माणसाचा पाय दर फेरीत जबरदस्तीने आत वळवला जातो. पाऊल हलू शकत नाही, सायकल वळू शकत नाही, मग पीळ पडतो तो मधल्या सांध्याला. एकदा-दोनदा पडला तर काही बिघडत नाही. 12,000 वेळा पडला की स्नायूंच्या दोऱ्या आणि वाटीखालचा भाग हुळहुळू लागतो.

यावर उपाय म्हणून क्लीटमध्ये थोडी मोकळीक ठेवतात. पाय अडकलेला राहूनही टाच काही अंश इकडेतिकडे फिरू शकते. ही मोकळीक रंगावरून ओळखायची आणि इथे एक गंमत आहे, म्हणजे ज्याचा गुडघा दुखतो त्याला ती गंमत वाटणार नाही. शिमानोच्या रोड पेडलसाठी पिवळी क्लीट 6 अंश मोकळी, निळी 2 अंश आणि लाल अजिबात न हलणारी. लुकच्या किओ पेडलसाठी मात्र लाल क्लीट सगळ्यात मोकळी, 9 अंश. राखाडी साडेचार आणि काळी पक्की. म्हणजे एका कंपनीची लाल ती दुसरीची नेमकी उलट. मित्राने ‘लालच घे’ म्हटले तर कुठल्या कंपनीची, हे आधी विचारावे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने जास्तीत जास्त मोकळी क्लीटच घ्यावी. न हलणारी क्लीट व्यावसायिक शर्यतपटूंची. पन्नाशीतल्या हौशी माणसाने ती घेण्याचे वैद्यकीय कारण सापडत नाही.

दुसरी चूक सीटच्या उंचीची. साध्या पेडलवर बरेच जण तळव्याच्या मध्यभागी जोर देतात. क्लीट आली की जोर बोटांच्या मुळाशी, चवड्यावर येतो, बुटाच्या तळाची जाडीही बदलते. पायाची एकूण लांबीच जणू बदलली. तरीही सीट जुन्याच उंचीवर राहते. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंशांत वाकलेला असावा. सीट फार खाली असेल तर वाटीभोवती, समोर दुखते. फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे दुखते आणि माणूस सीटवर डावी-उजवीकडे हेलकावे खातो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर बोटे गरजेपेक्षा आत वळवली गेल्याची शक्यता असते. आतल्या बाजूला दुखत असेल तर बाहेर. क्लीट फार पुढे बसली की पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते, बोटांना मुंग्याही येतात. ती चवड्याच्या थोडी मागे असलेली बरी. मुंग्यांचे दुसरे साधे कारण म्हणजे आवळलेले बूट. उन्हात तासाभराने पाऊल फुगते, त्यामुळे बूट संध्याकाळी जाऊन घ्यावेत.

बदल करताना एका वेळी एकच करावा आणि तोही दोन-तीन मिलिमीटरचा. जुनी जागा मार्करने आखून ठेवावी. बदल केल्यावर पहिले दोन आठवडे अंतर निम्मे करून हलक्या गिअरमध्ये चालवावे. दुखणे सहन करत ‘सवय होईल’ म्हणणारे पुष्कळ. स्नायूंचा थकवा दोन दिवसांत जातो, पण सांध्याचे दुखणे प्रत्येक फेरीला त्याच जागी येत असेल तर ती सवयीची गोष्ट नव्हे. गुडघा सुजला, अडकू लागला, रात्री दुखून जाग आणू लागला, तर पान्हा बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. जाताना सायकलचे बूटही सोबत न्यावेत. क्लीट एकाच बाजूने झिजली असेल तर बरेच काही उलगडते.

आता पुन्हा त्या सिग्नलकडे. थांबलेल्या सायकलवरून पडणारा माणूस हात टेकतो आणि सगळा भार तळहातावर येतो. विशीत खरचटण्यावर निभावते. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये, मनगटाचे हाड मोडू शकते. साठीनंतर कडेवर पडल्यास खुब्याचेही. सायकलने हृदय आणि फुप्फुसे सुधारतात, हाडांना मात्र तिच्यामुळे बळ येत नाही, कारण शरीराचा भार सीटवर असतो. वर्षानुवर्षे फक्त सायकलच चालवणाऱ्या शर्यतपटूंच्या कण्याची हाडे विरळ झालेली आढळली आहेत. म्हणून आठवड्यातून दोन दिवस भरभर चालणे, जिने चढणे किंवा थोडे वजन उचलणे हवेच. आणखी एक हाड डॉक्टरांनाही चकवते. अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी एक खळगी दिसते. पडल्यानंतर त्या खळगीत दाबून दुखत असेल तर आत स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असू शकते. पहिल्या एक्स-रेमध्ये ते पुष्कळदा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून मुरगळले असेल असे समजून तेल चोळत बसू नये. मनगट आधार देऊन स्थिर ठेवावे आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. दुर्लक्षित राहिलेले हे हाड कधी जुळतच नाही.

पडणे टाळण्याचा सराव घरीच होतो. पेडलवर पकड कमी-जास्त करण्याचा एक स्क्रू असतो, तो आधी पूर्ण सैल करावा. मग सायकल भिंतीला टेकवून प्रत्येक पाय 50 वेळा अडकवावा आणि सोडवावा. नंतर मोकळ्या मैदानात, गवतावर. रस्त्यावर डावा पाय सोडवावा, कारण आपली वाहतूक उजव्या बाजूने पुढे जाते. सिग्नल अजून 50 मीटर दूर असतानाच तो सोडवून पेडलवर नुसता टेकवून ठेवावा. त्यातही एक फसगत होते: डावा पाय सोडवलेला आणि तोल गेला उजवीकडे, म्हणजे थेट गाड्यांच्या बाजूला. त्यामुळे थांबण्याआधी सायकल किंचित डावीकडे कलती ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

शेवटी निवडीचा प्रश्न. रोड प्रकारची क्लीट तीन स्क्रूंची, मोठी, प्लॅस्टिकची आणि बुटाच्या बाहेर आलेली असते. चहाच्या टपरीपासून सायकलपर्यंत चालताना माणूस बदकासारखा दिसतो आणि गुळगुळीत फरशीवर तर सरळ घसरतो. पावसाळ्यात खाली उतरून दोन पावले चिखलात टाकली की इथली चिकट काळी माती खाचेत बसते. मग बूट अडकत नाही किंवा, त्याहून वाईट, सहज सुटत नाही. माउंटन बाइकसाठीची दोन स्क्रूंची धातूची क्लीट बुटाच्या तळात दडलेली असते, त्या बुटांनी नीट चालता येते आणि चिखलही कमी अडकतो. वाटेत पन्नास वेळा उतरावे लागणाऱ्या पंढरीच्या वाटेला ती जास्त सोयीची, किंवा साधे रुंद पेडल आणि कडक तळाचे बूट. रोड क्लीट घ्यायचीच असेल तर तिच्यावर चढवायची रबरी टोपी मिळते, ती खिशात ठेवावी. आणि क्लीट झिजली की लगेच बदलावी; झिजलेल्या क्लीटमधून पाय ऐन चढावर, उभे राहून जोर लावताना निसटतो.