जांभ्याचे पाणी आणि काचेच्या पेटीतील प्रजा

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि रत्नागिरी शहराकडे वळणारा रस्ता जेथे एकमेकांस मिळतात, त्या हातखंब्याच्या तिठ्याभोवतीची सारी भूमी जांभ्या दगडाची आहे. आणि या दगडाची घटना ध्यानात घेतल्यावाचून तेथील गृहस्थाने आपल्या ओटीवर ठेवावयाच्या काचेच्या पेटीसाठी मासे निवडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक कोसळणाऱ्या पावसाने युगानुयुगे काळ्या बेसॉल्टातील चुना, मॅग्नेशियम, सोडियम आदी विद्राव्य द्रव्ये धुऊन समुद्रात नेली, आणि लोह व ॲल्युमिनियम यांची सहसा न विरघळणारी ऑक्साइडे तेवढी मागे ठेवली. त्यांचाच हा तांबडा, सच्छिद्र जांभा बनला. अशा निःसत्त्व झालेल्या दगडातून झिरपून विहिरीत उतरणारे पाणी मृदू आणि किंचित आम्ल असावे, हे ओघानेच आले. साबणाला ताबडतोब फेस येतो आणि चहाच्या भांड्याला पांढरा थर धरत नाही, एवढ्यावरून घरातील कोणासही या पाण्याची पारख करता येते.

माशाच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात क्षार अधिक आणि भोवतालच्या पाण्यात कमी, त्यामुळे पाणी अहोरात्र त्याच्या कल्ल्यांवाटे आत शिरत असते आणि क्षार बाहेर निसटत असतात. तो विपुल व पातळ मूत्र टाकून आलेले पाणी बाहेर काढतो आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशींकडून गेलेले क्षार पुन्हा वसूल करतो. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असले तर कल्ल्यांच्या पटलांतून होणारी ही गळती कमी होते, आणि कॅल्शियम दुर्मिळ झाले म्हणजे वाढते. ज्या जातींचे पूर्वज अशाच मृदू ओढ्यांतून वाढले त्यांना हा खर्च परवडतो. ज्यांचे पूर्वज चुनखडीच्या प्रदेशात अथवा खाडीच्या तोंडाशी राहिले त्यांची शक्ती केवळ जिवंत राहण्यातच खर्ची पडते, आणि प्रजोत्पादनास शिल्लक काही उरत नाही. म्हणून पाणी पाहून मासा निवडावा. दुकानात डोळ्यांत भरलेला मासा आधी घरी आणावयाचा आणि मग त्याच्यासाठी औषधांच्या बाटल्यांनी पाणी बदलीत बसावयाचे, हा क्रम उलटा आहे.

या कसोटीस लावले असता नवशिक्यांना सर्रास शिफारस केली जाणारी मॉली हातखंब्यास अनुकूल ठरत नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील या माशाला कठीण, प्रसंगी मचूळ पाणी मानवते. केवळ विहिरीच्या मृदू पाण्यात ठेवल्यास तो पंख मिटून जागच्या जागी थरथरत राहतो. गोल्डफिशची गोष्ट निराळी. त्याला पाणी चालते, पण जागा पुरत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा, सुमारे ५६ लिटरांच्या पेटीत त्याचा वंश वाढविण्याची उमेद कोणी धरू नये.

आता सुलभ प्रजननाचे दोन भाग आहेत, आणि बहुतेकांचे लक्ष फक्त पहिल्याकडे जाते. नर-मादींचे मीलन होऊन अंडी पडणे हे पुष्कळ जातींत अनायासे घडते. परंतु त्या अंड्यांतून निघालेल्या, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या जीवाला पहिल्या आठवड्यात तोंडात मावेल असे अन्न पुरविणे, ही खरी कसोटी होय. गप्पी मासा नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचा ठरतो तो याच कारणाने. तो अंडी घालीत नाही, पोहणारी पिले देतो, आणि ती जन्मतःच इतकी मोठी असतात की बोटांनी चुरडून पूड केलेले साधे खाद्य त्यांना पहिल्या दिवसापासून घेता येते.

गप्पीची ओळख महाराष्ट्रात नव्याने करून देण्याची गरज नाही. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा आणि त्रिनिदाद बेटावरचा हा मासा विसाव्या शतकाच्या आरंभी डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिंदुस्थानात आणला गेला, आणि आजही प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत हिवताप व डेंग्यू यांच्या बंदोबस्तासाठी त्याचे वाटप होत असते. रंगीबेरंगी शेपट्यांच्या दुकानी वाणांपेक्षा आरोग्य केंद्राच्या हौदातील हा साधा, करडा गप्पी कितीतरी काटक असतो. पहिली जोडी तेथूनच मिळवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मात्र अशा हौदांत कधी कधी गॅम्बुसिया नावाचा दुसरा मासाही असतो. तो १९२८ मध्ये याच कामासाठी देशात आणला गेला. तो भांडखोर आहे, इतरांचे पंख कुरतडतो, आणि घरच्या पेटीत त्याला स्थान देऊ नये. गप्पीच्या नराच्या अंगावर थोडे तरी रंगीत ठिपके असतात, गॅम्बुसियाच्या नराच्या अंगावर ते नसतात. ही खूण पाहून निवड करावी.

गप्पीच्या नराचा गुदपक्ष निमुळता होऊन त्याचे मीलनेंद्रिय बनलेले असते, आणि गर्भवती मादीच्या पोटाच्या मागील अंगास एक काळसर डाग दिसतो. तीन ते चार आठवड्यांनी मादी विते. वयस्क मादी एका वेळी वीस-पंचवीसपासून पन्नासपर्यंत पिले देते. एका नरामागे दोन किंवा तीन माद्या ठेवाव्यात, अन्यथा नराच्या अखंड पाठलागाने एकटी मादी थकून जाते. आईबाप आपलीच पिले गिळतात, तेव्हा पेटीच्या एका कोपऱ्यात हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीची दाट गर्दी असू द्यावी.

जांभ्याच्या पाण्यात गप्पी जगतो, परंतु थोडा चुना मिळाल्यास अधिक जोमाने वाढतो, आणि त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यात पैसा खर्च करण्याचे कारण नाही. जेवणातील तिसऱ्यांची शिंपे स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून आणि जाडसर कुटून एका कापडी पुरचुंडीत बांधावीत व ती गाळणीच्या वाटेवर ठेवावी. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यातील कार्बनिक आम्ल त्याला हळूहळू विरघळविते आणि पाण्याची आम्लता जसजशी घटते तसतसे विरघळणेही मंदावते, त्यामुळे मात्रा अवाजवी होण्याचे भय राहत नाही. शिवाय माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू फार आम्ल पाण्यात सुस्तावतात. शिंपल्यांनी त्यांचेही काम सुकर होते. हे जीवाणू नव्या पेटीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून त्या मुदतीत मासे मोजके ठेवावेत आणि खाद्य अगदी बेताने द्यावे.

गप्पीकडे केवळ संख्यावाढीच्या दृष्टीने पाहणे मला अन्यायाचे वाटते. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, भक्षक माशांच्या सान्निध्यातील गप्पींचे नर फिके राहतात, कारण भडक नर प्रथम खाल्ले जातात. तेच गप्पी भक्षकविरहित ओढ्यात नेऊन सोडले असता अवघ्या दोन वर्षांत त्यांच्या वंशातील नर अधिक रंगीत झाले, कारण तेथे माद्यांच्या पसंतीचाच अंमल निर्वेधपणे चालू लागला. डार्विनने कल्पिलेली नैसर्गिक निवड आणि लैंगिक निवड यांची रस्सीखेच एका माणसाच्या हयातीत, नव्हे काही ऋतूंत, मोजता येते, याचा हा अतिशय सुंदर पुरावा आहे. घरच्या पेटीत भक्षक नसतो. तेथे कोणता नर ठेवावयाचा आणि कोणता वेगळा काढावयाचा, हे मालक ठरवितो, आणि दोन-तीन महिन्यांत वयात येणाऱ्या या माशाच्या चार पिढ्यांची नोंद शाळेतील मुलालाही एका वर्षात ठेवता येते.

अंडी घालणाऱ्यांत माझी पहिली पसंती झेब्रा माशाला आहे, आणि येथे शिंपल्यांचीही जरुरी नाही. निळसर रुपेरी अंगावर आडव्या रेघा ओढलेला हा दोन इंचांहून लहान मासा मूळचा आपल्याच देशातील ओढ्यांचा. गंगेच्या खोऱ्यातील मत्स्यांचे वर्णन करताना फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. कोकणात पाणी तापविण्याच्या यंत्रावाचून तो बारा महिने सुखात राहतो. पहाटेचा पहिला उजेड हा त्याचा विण्याचा संकेत. आदल्या रात्री एक पुष्ट मादी आणि दोन नर एका लहान पेटीत सोडावेत आणि तिच्या तळाशी मुलांच्या खेळातील काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरावेत; सकाळी पडलेली अंडी गोट्यांच्या फटींतून खाली जातात व आईबापांच्या तोंडी लागत नाहीत. अंडी दिसताच मोठे मासे काढून घ्यावेत. एका खेपेस शंभर-दोनशे अंडी सहज मिळतात.

ही अंडी काचेसारखी पारदर्शक असतात. सुमारे २८ अंश तापमानात पहिल्या चोवीस तासांत एका पेशीपासून डोळे, शेपटी आणि धडधडणारे हृदय येथवरचा प्रवास पुरा होतो, आणि साध्या भिंगातूनही त्याचा बराचसा भाग पाहता येतो. याच पारदर्शकतेमुळे अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाला प्रयोगशाळेत आणले; त्यांचा १९८१ चा निबंध या विषयातला पायाचा दगड मानला जातो, आणि आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही गर्भविकासाच्या अभ्यासासाठी झेब्रा मासे पाळले जातात. माणसाच्या जनुकांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना या माशात प्रतिरूप सापडते.

दोन ते तीन दिवसांत पिले बाहेर पडतात, काही काळ काचेला चिकटून अंगच्या बलकावर राहतात, आणि पोहू लागताच अन्नाची मागणी सुरू होते. भाताचा थोडा पेंढा पाण्याच्या बरणीत घालून ती उजेडात चार-पाच दिवस ठेवली असता पाणी प्रथम गढूळते आणि मग त्यात पॅरामिशियमसारखे सूक्ष्म जीव अमाप वाढतात. त्याचे थोडे थोडे पाणी दिवसातून अनेकदा पिलांच्या पेटीत घालावे. ही तजवीज अंडी पडण्यापूर्वीच करून ठेवावयाची असते. आठवड्याभराने मिठाच्या पाण्यात उबविलेली आर्टेमिया कोळंबीची पिले देता येतात. खाद्याच्या दुकानात तिची सुकी अंडी मिळतात आणि ती एका दिवसात फुटतात.

फायटर मासा यानंतरच्या पायरीचा आहे. हवेतून श्वास घेण्याचे खास इंद्रिय असल्यामुळे पावसाळ्यात वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला तरी त्याला धोका पोहोचत नाही. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, पडती अंडी तोंडात झेलून त्यात ठेवतो आणि एकटाच राखण करतो. मादीला मात्र विताक्षणीच दूर केले पाहिजे, नाहीतर तो तिला ठार मारील. थायलंडातील पाळणारे या पाण्यात देशी बदामाचे वाळलेले पान टाकतात. तो वृक्ष कोकणात जागोजाग आहे, आणि त्या पानातील टॅनिन जांभ्याच्या मृदू पाण्याशी उत्तम जुळते. याची पिले झेब्र्याहूनही नाजूक असतात, एवढे सांगून पुढे जातो.

कारण मला अधिक अगत्य आहे ते सह्याद्रीच्या स्वतःच्या माशांचे. डोक्यावर चकाकणारा ठिपका मिरविणारा आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत वावरणारा पट्टेरी पँचॅक्स पश्चिम घाटातील ओढ्यांचा रहिवासी आहे. त्याचाच एक पिवळा वाण ‘गोल्डन वंडर’ या नावाने जगभरच्या दुकानांत विकला जातो. तो दररोज थोडी थोडी चिकट अंडी वनस्पतींना लावतो, ती सुमारे दोन आठवड्यांनी फुटतात, आणि पिले एकदम आर्टेमिया खाऊ शकतात. डासांच्या अळ्या खाण्यातही तो तत्पर आहे. फक्त तो उंच उडी मारतो, म्हणून पेटीवर झाकण हवे. गोव्यातील ओढ्यांतून १९९२ मध्ये छापगर आणि साने यांनी वर्णिलेला, मुंबई राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक सेटना यांच्या स्मरणार्थ ‘सेटनाई’ हे जातिनाम दिलेला निळसर बार्ब मासा तर आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे. अशा माशाला ओढ्यातून पकडून आणू नये, पेटीत वाढविलेलीच पिले मिळत असतील तर घ्यावीत. मार्गदर्शन हवे असल्यास शिरगावचे १९८१ पासूनचे मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र ही दोन्ही ठिकाणे हातखंब्यापासून फार दूर नाहीत.

पिले वाढली म्हणजे पेटी भरते आणि पावसाळ्यात घराशेजारून वाहणारा पऱ्या मोह घालतो. त्या पऱ्यात गप्पी किंवा दुसरा कोणताही परका मासा सोडू नये. उन्हाळ्यात हे ओढे आटून मधल्या कोंडींत तेवढे पाणी उरते, आणि मूळच्या माशांचा सारा वंश त्या अल्प पाण्यात पुढच्या पावसाची वाट पाहत असतो. तेथे त्यांची अंडी व पिले खाणारा वर्षभर विणारा प्रतिस्पर्धी शिरला तर त्यांना दुसरा आसरा नाही. जादा मासे शेजाऱ्यांस, शाळेस, दुकानदारास द्यावेत किंवा ज्याचे पाणी ओढ्यात जात नाही अशा बंदिस्त हौदात डासांसाठी ठेवावेत. संख्या मुळातच थांबवावयाची असेल तर माद्या वेगळ्या काढून भागत नाही, कारण गप्पीची मादी एका मीलनातील शुक्रपेशी साठवून पुढे कित्येक महिने पिले देत राहते. अशा वेळी केवळ नरांची पेटी ठेवावी, आणि रंगही नरांचेच असल्यामुळे तिच्या शोभेत काही उणे पडत नाही.