व्यसनमुक्तीची वाट (भाग 6) : ‘आज बसायचं का?’

‘बसणे’ या साध्या क्रियापदाला आपल्याकडे संध्याकाळी सातनंतर वेगळाच अर्थ येतो. ‘आज बसायचं का?’ यात दारूचं नाव नाही, बाटलीचं नाही. तरीही दारू सोडून दोन महिने झालेल्या माणसाने हे ऐकलं की तोंडाला पाणी सुटतं, छातीत धडधडू लागतं. त्याने अजून काहीच ठरवलेलं नसतं. मागच्या आठवड्यात आपण दारू थांबवल्यावर होणारे शरीराचे हाल पाहिले. ते बहुतेकदा काही दिवसांत ओसरतात. तलफ जागवणाऱ्या या खुणा मात्र वर्षानुवर्षं सोबत राहतात. व्यसनमुक्ती केंद्रांत त्यांना ‘ट्रिगर’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरते.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींवर प्रयोग केले. सुरुवातीला फळाच्या रसाचा थेंब तोंडात पडला की या पेशी उसळायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाच्या लक्षात आल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा शांत राहिल्या. व्यसनी माणसाचा मेंदूही असे दिवे शिकून ठेवतो. पगार जमा झाल्याचा मेसेज, देशी दारूच्या दुकानाकडे वळणारा कोपरा, शेंगदाण्याची पुडी, गटारीची चर्चा, पहिला पाऊस. भांडण हा दिवा आहे, तसंच मुलीला नोकरी लागल्याचा आनंदही. दुःखाने माणूस पितो एवढंच धरून चालणारं घर इथे बेसावध सापडतं.

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांची गोष्ट मला या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. तिथल्या साध्या सैनिकांपैकी सुमारे 20 टक्के हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. 1971 साली मायदेशी परतलेल्या अशा सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी जेमतेम 5 टक्के पुन्हा व्यसनात अडकले होते. कारणं अनेक असतील. पण एक उघड आहे. जिथे नशा केली ते तळ, ते सोबती, ती भीती सगळं हजारो मैल मागे राहिलं होतं.

आपल्या माणसाचं नेमकं उलटं होतं. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रात तो 35 दिवस राहतो, आणि ‘मला तर आठवणसुद्धा आली नाही’ असं खरंखुरं सांगत घरी येतो. दिवेच नव्हते, तर आठवण कशी येणार? मग एसटी स्टँडवर उतरतो. तीच टपरी, तेच मित्र, तीच सातची वेळ. आपण जिंकलो असं वाटत असतानाच तलफ येते, आणि तो स्वतःलाच खोटा समजू लागतो.

इथे एक गोष्ट त्याला माहीत असायलाच हवी. तलफ चढत चढत कायमची वर जात नाही. अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने तिला लाटेची उपमा दिली. खतपाणी घातलं नाही, तर ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरू लागते. म्हणून ‘आयुष्यभर पिणार नाही’ यापेक्षा ‘आठ वाजेपर्यंत नाही’ हे पेलतं. जागा सोडायची, पोटात काही घालायचं, कारण रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते. आणि फोन करायचा.

फोनचं मोल सांगायला 1935 सालच्या अमेरिकेत जावं लागतं. बिल विल्सन यांनी दारू सोडून पाच महिने झाले होते. अ‍ॅक्रन शहरात त्यांचा व्यवहार फिसकटला. परक्या गावात एकटे, हॉटेलच्या लॉबीत उभे, आणि बारमधला गलका कानावर येत होता. लॉबीत चर्चची यादी लावलेली होती. ते तिकडे वळले आणि एकामागून एक फोन लावू लागले, दारूशी झगडणारा दुसरा कुणी बोलायला मिळावा म्हणून. त्या फोनांतून ते डॉ. बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोचले, आणि त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. आपल्याकडच्या माणसानेही असे तीन-चार नंबर आधीच काढून ठेवावेत. तलफेच्या भरात नंबर शोधणं होत नाही. कुणीच सापडलं नाही, तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

रस्ता बदलता येतो, पगार काही महिने बायकोच्या खात्यात वळवता येतो. पहिला पाऊस मात्र टाळता येत नाही. म्हणून घरच्यांशी मला थोडं कळकळीने बोलायचं आहे. ‘आज फार आठवण आली,’ असं त्याने सांगितलं की बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं : ‘म्हणजे पुन्हा सुरू?’ तुमच्या धास्तीला कारणं आहेत. तुम्ही काय सोसलंय ते मी अनेक घरांत ऐकलं आहे. पण आठवण येणं म्हणजे पिणं नव्हे. उलट त्याने ती पिण्याआधी बोलून दाखवली आहे. या उत्तरानंतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, गप्प बसेल, आणि चप्पल घालून बाहेर पडेल. त्याऐवजी ‘जेवलात का? चला, कोपऱ्यापर्यंत मीही येते’ एवढं म्हणता आलं, तर लाटेतली वीस मिनिटं चालण्यात निघून जातात. येताना दुसऱ्या गल्लीने या.