छत उघडणाऱ्या गाडीतली रंगीत लाईट: एक छोटं कस्टम प्रॉडक्ट नीट कसं डिझाईन करायचं?



अ‍ॅक्रिलिकच्या शीटला खालून एलईडी पट्टी लावली की कोरलेलं नाव हवेत तरंगल्यासारखं उजळतं. अशा नेमप्लेट, ट्रॉफ्या, दुकानांचे बोर्ड तुम्ही पाहिलेच असतील. कदाचित तुमच्यापैकी काहीजण ते बनवतही असतील. आज हेच तंत्र आपण एका अवघड जागी लावून बघणार आहोत. ती जागा म्हणजे छत उघडणाऱ्या गाडीचा विंड डिफ्लेक्टर.

तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे अशा गाड्या आहेत किती?" बरोबर आहे, फारच थोड्या. या वस्तूचा खरा ग्राहक अमेरिका, इंग्लंड, जर्मनीत आहे. माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची उघडी गाडी १९८९ मध्ये आली आणि एप्रिल २०१६ पर्यंत अशा १० लाख गाड्या बनल्या. म्हणजे तिकडे हा नुसता श्रीमंतांचा शौक नाही. तरीही आपण हे उदाहरण का घ्यायचं? कारण कस्टम प्रॉडक्टच्या सगळ्या परीक्षा या एका वस्तूत येतात: माप, वीज, ऊन-पाऊस, कायदा आणि हिशोब. बोर्ड भिंतीवर शांत बसतो. ही शीट मात्र माणसाच्या डोक्यामागे ताशी १०० किलोमीटर वेगाने धावते.

विंड डिफ्लेक्टर काय काम करतो?

छत उघडं असताना वारा पुढच्या काचेवरून उडी मारून मागे जातो. काचेच्या मागे, म्हणजे बसणाऱ्यांच्या जागी, हवेचा दाब कमी होतो. मग मागे गेलेली हवा वळून सीटच्या मधल्या फटीतून पुन्हा पुढे येते आणि थेट मानेवर आदळते. सीटच्या मागे जाळी किंवा पारदर्शक शीट उभी केली की ही उलटी येणारी हवा अडते. आत बोलणं ऐकू येतं, केस उडत नाहीत, थंडीतही छत उघडं ठेवता येतं.

म्हणजे ग्राहकासाठी पहिलं काम वारा अडवणं आणि दुसरं काम लाईट. लाईट लावण्याच्या नादात शीट हलायला लागली, खडखडायला लागली किंवा छत बंद करताना मध्ये आली, तर रंग कितीही सुंदर असू देत, माल परत येणार.

शीट उजळते कशी?

अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक साधारण १.४९ आहे. कडेतून आत गेलेला प्रकाश शीटच्या आतल्या पृष्ठभागावर तिरका आपटतो. लंबाशी तो कोन सुमारे ४२ अंशांपेक्षा जास्त असेल तर प्रकाश बाहेर पडतच नाही, आतल्या आत परत फिरतो. शाळेत आपण याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणायचो. लेझरने कोरलेला भाग मात्र खरखरीत असतो. तिथे प्रकाश विखुरतो, बाहेर पडतो आणि आपल्याला तेवढीच आकृती उजळलेली दिसते.

यातून डिझाईनचे चार नियम निघतात:

१. जिथे ओरखडा, तिथे प्रकाश. म्हणून शीटवरचा संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नका. हाताळताना पडलेली रेघ दिवसा दिसत नाही, रात्री चमकते.

२. एलईडीपासून लांब जाल तसा प्रकाश कमी होतो. पट्टी खाली असेल तर खालचं कोरीवकाम विरळ ठेवा आणि वरचं दाट, म्हणजे चित्र एकसारखं उजळेल.

३. कमी कोरा. शीटभर नक्षी काढली तर ड्रायव्हरला मागचं दिसणार नाही. गाडीत हा सजावटीचा मुद्दा राहत नाही, सुरक्षेचा होतो.

४. पट्टीकडची कड गुळगुळीत हवी. करवतीची खडबडीत कड प्रकाश आत जाण्याआधीच उधळून टाकते.

माल निवडताना

शीट 'कास्ट' अ‍ॅक्रिलिकची घ्या. लेझरने तिच्यावर पांढरं, दुधाळ कोरीवकाम उठतं. 'एक्स्ट्रूडेड' शीट स्वस्त पडते, पण तिच्यावर ते फिकट उठतं. जाडी? ५०५० प्रकारच्या एलईडीचा अर्थच ५ मिलीमीटर बाय ५ मिलीमीटर असा आहे. त्यामुळे ३ मिलीमीटरच्या शीटला ही पट्टी लावली तर बराच प्रकाश बाजूने वाया जातो. किमान ६ मिलीमीटर घ्या.

अ‍ॅक्रिलिक उन्हात चांगलंच फुगतं. ९० सेंटिमीटरची शीट ४० अंशांच्या फरकाने साधारण अडीच मिलीमीटर लांब होते. भोक अगदी स्क्रूच्या मापाचं पाडून घट्ट आवळलं, तर भोकापासून तडा जाणार. भोक थोडं मोठं, मध्ये रबरी वॉशर, आणि आवळणं बेताचं. माणसाच्या डोक्यामागे बसणारी वस्तू आहे, म्हणून सगळ्या कडा आणि कोपरे गोल करा.

एलईडी पट्टी नुसत्या डबल टेपवर सोडू नका. उन्हात तापलेल्या गाडीत टेपचा गोंद सुटतो. अ‍ॅल्युमिनियमचं यू-चॅनल वापरा, ते पट्टी धरून ठेवतं आणि उष्णताही ओढून घेतं. गाडीचं छत उघडं असताना सर कोसळू शकते, म्हणून सिलिकॉनचं आवरण असलेली, किमान आयपी६५ दर्जाची पट्टी घ्या. टोकं बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. 'न्यूट्रल' सिलिकॉन मागा.

रंग कसा बदलतो?

खरं तर हा सगळ्यात सोपा भाग आहे! आरजीबी पट्टीत लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे एकाच ठिकाणी असतात. कंट्रोलर प्रत्येकाला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ वाढला की तो रंग तेजस्वी दिसतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख छटा होतात.

दुसरा प्रकार आहे डब्ल्यूएस२८१२बी सारख्या पट्टीचा. तिथे प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो, रंग धावतानाही दाखवता येतात. पण त्यात संदेश एका दिव्यातून दुसऱ्यात जातो. मधला एक बिघडला की पुढची सगळी रांग बंद. पहिल्या प्रॉडक्टसाठी साधी आरजीबी पट्टी पुरेशी आहे. एका चित्राला एका वेळी एक रंग, हळूच दुसऱ्यात मिसळणारा, हेच दिसायलाही छान दिसतं.

गाडीचे १२ व्होल्ट खरे १२ नसतात

हा मुद्दा नीट वाचा, कारण घरच्या टेबलावर उत्तम चाललेला माल गाडीत इथेच मार खातो.

गाडी बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झालं की १४.४ पर्यंत जाते. आता १२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर ओळीने जोडलेले असतात. निळ्या रंगासाठी तीन एलईडी मिळून सुमारे ९.६ व्होल्ट घेतात. १२ व्होल्टवर रेझिस्टरच्या वाट्याला २.४ व्होल्ट राहतात, १४.४ वर ४.८. म्हणजे दुप्पट! रेझिस्टर तोच असल्यामुळे करंटही जवळजवळ दुप्पट होतो. व्होल्टेज फक्त २० टक्के वाढलं आणि एलईडीवरचा भार दुपटीला गेला. मग काही दिवसांत निळा फिका पडतो आणि ग्राहक म्हणतो, "तुमचा माल डुप्लिकेट आहे."

उपाय असा:

- गाडी आणि पट्टी यांच्यामध्ये कायम १२ व्होल्ट देणारा 'बक-बूस्ट' कन्व्हर्टर लावा. गाडीतले झटके सोसणारा, वाहनासाठी बनवलेलाच घ्या.
- मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० आरजीबी पट्टी साधारण १४.४ वॅट घेते. ९० सेंटिमीटरला १३ वॅट, म्हणजे १.१ अँपिअर. २ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज जिथून करंट घेतला तिथेच, अगदी जवळ लावा. तो टोकाला पट्टीजवळ लावला आणि मधली वायर घासून बॉडीला टेकली, तर फ्यूज उडणार नाही, वायर पेटेल.
- करंट चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाईनवरून घ्या. कंट्रोलर नुसता जागा राहायला १० मिलीअँपिअर घेत असेल, तर महिन्याला ७.२ अँपिअर-अवर होतात. महिना-दोन महिने उभ्या राहणाऱ्या हौसेच्या गाडीची छोटी बॅटरी एवढ्यात बसू शकते.
- सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायर दिसल्या तर हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

मागून कोण बघतंय?

छत उघडलं की तुमचा दिवा गाडीच्या आतला राहत नाही, मागच्या ड्रायव्हरलाही दिसतो. कायद्याचा प्रश्न इथे येतो. इंग्लंडच्या १९८९ च्या वाहन-दिव्यांच्या नियमांत, ठराविक अपवाद सोडले तर मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिवा दिसता कामा नये, आणि पुढे लाल दिसता कामा नये. जर्मनीच्या वाहन नियमांत कलम ४९अ आहे. गाडीवर फक्त ठरवून दिलेले आणि परवानगी असलेले दिवेच लावता येतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, पण लाल आणि निळा रंग पोलीस-अग्निशमनासाठी राखून ठेवणं तिथे सर्रास आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीतल्या बदलांवर बंधन घातलेलं आहे.

मग डिझाईनमध्येच उत्तर ठेवा. पहिलं, गाडी चालू लागली की लाईट आपोआप बंद किंवा अगदी मंद, पूर्ण रंगांचा खेळ फक्त उभ्या गाडीत. दुसरं, लुकलुकणारा मोड कंट्रोलरमध्ये देऊच नका. तिसरं, आरशात आणि पुढच्या काचेत प्रतिबिंब पडतं का, ते रात्री ड्रायव्हरच्या सीटवर बसून तपासा. दुपारी दुकानात तपासून काही कळत नाही.

आणि कंपनीचा लोगो? ग्राहक हमखास मागणार. पण गाडीच्या कंपनीचं बोधचिन्ह हा तिचा ट्रेडमार्क असतो. परवानगीशिवाय कोरून विकला तर नोटीस तुम्हाला येणार, ग्राहकाला नाही. नाव, क्लबचं स्वतःचं चिन्ह, डोंगराची रेघ, असं काही सुचवा.

हिशोब: कस्टम काय आणि ठरलेलं काय?

समजण्यासाठी आकडे धरू. एका नगाला शीट, लेझर, पट्टी, कन्व्हर्टर, क्लॅम्प, पॅकिंग मिळून ४,२०० रुपये. चार तासांची मजुरी २५० रुपयांप्रमाणे १,००० रुपये. बिघाड आणि बदलीसाठी १० टक्के, म्हणजे ५२०. एकूण झाले ५,७२०.

आता लपलेला खर्च. एका गाडीचं माप घेऊन साचा पक्का करायला २० तास, म्हणजे ५,००० रुपये. चाचणीत तीन शीट वाया, प्रत्येकी १,५००, म्हणजे ४,५००. एकूण ९,५००. त्या एकाच मॉडेलचे २० नग विकले, तर नगामागे ४७५ रुपये पडतात आणि तुमचा खर्च ६,१९५ होतो. पण प्रत्येक ग्राहकाची गाडी वेगळी घेतलीत, तर प्रत्येक नगाचा खर्च १५,२२० होतो! काम तेच, हात तेच. फक्त "हो, करून देतो" म्हणायची सवय नडली.

म्हणून चित्र बदलू द्या, साचा बदलू देऊ नका. गाडीचं मॉडेल एक, क्लॅम्प एक, वायरिंग एक. ग्राहकाला निवड फक्त कोरीवकामाची आणि रंगाची. त्याला वस्तू खास त्याचीच वाटते आणि तुमचं काम रोजचंच राहतं.

ऑर्डर घेण्याआधी

- कोरीवकामाचं चित्र मापासह पाठवा, लेखी होकार घ्या. नावाचं स्पेलिंग ग्राहकाकडूनच तपासून घ्या.
- निम्मी रक्कम आगाऊ. नाव कोरलेली शीट दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.
- सफाईची चिठ्ठी सोबत द्या: सौम्य साबण, पाणी, मऊ कापड. स्पिरिट किंवा अमोनियाचा ग्लास क्लीनर नको, त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात.
- हमी कशावर आणि किती दिवस, ते बिलावर लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचं प्रॉडक्ट नेमप्लेट असो, गणपतीचं मखर असो वा केक, एक कागद घ्या. डावीकडे लिहा "ग्राहक काय बदलू शकतो", उजवीकडे "काय कधीच बदलणार नाही". उजवी बाजू रिकामी राहिली असेल, तर प्रत्येक ऑर्डरला तुम्ही धंदा नव्याने सुरू करताय असं समजा. आधी ती बाजू भरा, मगच पुढची ऑर्डर घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब लिहीत राहा!