ब्रेकचा बोल्ट : जुना की नवा?

आपल्या शिरूर-दौंड भागात आता वाडीवाडीला चारचाकी आली आहे. कुणाची जीप, कुणाची पिकअप, कुणाची मोटार. ऊस गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते. मधेच बैलगाडी आडवी येते. अशा रस्त्यावर ब्रेक धड हवा, हे कुणाला सांगायला नको. पण ब्रेक ज्या बोल्टांवर उभा असतो, त्यांच्याकडे कोण बघतो? आम्हीही कधी बघितले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पुतण्याने मोटारीचे पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले. दुसऱ्या दिवशी नातवाला दौंड स्टेशनवर पोचवायला निघालो. न्हावरे मागे पडलं आणि डाव्या चाकातून खडखड सुरू झाली. आम्ही म्हटलं, "दगड अडकला असेल."

पुतण्या म्हणाला, "काका, हा आवाज दगडाचा नाही."

त्याने गाडी हळूच कडेला घेतली. चाक काढून बघतो तर काय! ब्रेकचा कॅलिपर एकाच बोल्टावर लोंबत होता. खालचा बोल्ट वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

कॅलिपर म्हणजे काय? चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा जो भाग, तो कॅलिपर. आपण पायाने दाबलं की तो तबकडी आवळतो आणि गाडी थांबते. हा चिमटाच सुटला तर तो चाकाच्या आत आदळतो. ब्रेकच्या तेलाची नळी तुटू शकते. मग पाय कितीही दाबा!

फोन केल्यावर दौंडचा एक मिस्त्री दोन नवे बोल्ट घेऊन फटफटीवर आला. नातवाची गाडी चुकली ती चुकलीच. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, बोल्ट वाईट नव्हता. पण याच्या आट्यांवर कारखान्यातच डिंकासारखं औषध लावलेलं असतं. ते बोल्टाला धरून ठेवतं. एकदा बोल्ट उघडला की ती पकड मोडते. तोच बोल्ट तसाच परत पिळलाय."

आम्ही विचारलं, "मग दर वेळी नवाच घालायचा का?"

"गाडीचं पुस्तक सांगेल तसं. काही गाड्यांना नवाच लागतो. काहींना जुना चालतो. पण आटे तारेच्या ब्रशने साफ करायचे, सांगितलं असेल तिथे औषध पुन्हा लावायचं, आणि पुस्तकात लिहिलं आहे तेवढंच पिळायचं. त्यासाठी मापाचा टॉर्क पाना असतो."

तेवढंच का? जास्त पिळलं तर बरं नाही का? इथेच पुष्कळांची चूक होते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तुम्ही पाहिलं असेल. तापलेली धाव गार होताना आकसते आणि चाक आवळून धरते. बोल्टाचंही तसंच आहे. पाना फिरवला की बोल्ट केसभर ताणला जातो. तो परत आखूड व्हायला बघतो, म्हणून दोन भाग घट्ट राहतात. फार पिळला तर तो लांबलेलाच राहतो. काही बोल्ट मुद्दाम त्या हद्दीपर्यंत ताणून बसवायचे असतात. ते एकदाच वापरायचे. काढल्यावर कितीही चकचकीत दिसोत, टाकून द्यायचे.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. त्यांचं गणित सोपं आहे. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलो ओढ बसली की बोल्ट तुटतो. दुसरा ८ म्हणजे त्याच्या दहांत आठ हिस्से. सुमारे ६४ किलोच्या पुढे तो कायमचा लांबतो. १०.९ ला हेच आकडे १०० आणि ९० होतात. नवा बोल्ट घेताना आकडा, लांबी आणि आटे जुन्याशी ताडून बघा. बिनआकड्याचा बोल्ट छपराच्या पत्र्याला लावा, ब्रेकला नको.

गंज चढलेला, आटे गेलेले, डोकं झिजलेलं, मधे कंबर बारीक झालेली, असा बोल्ट परत घालू नये. तेलाच्या नळीचे तांब्याचे वायसर आणि स्प्लिट पिन दर वेळी नवीच हवी. चाकाचे नट मात्र आटे चांगले असले तर पुन्हा चालतात.

बोल्ट-नटांचा हिशेब मोठ्या कारखान्यांनाही चुकतो. २०१७ साली आपल्या शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला बनलेल्या सुमारे १२०० जीप कंपास गाड्या कंपनीने तपासणीसाठी परत बोलावल्या. एअरबॅगमध्ये सुटे बोल्ट-नट राहिल्याची शंका होती. फुगणाऱ्या पिशवीतून तसा तुकडा उडाला तर माणसाला लागेल!

मिस्त्रीने त्या दिवशी वरचाही बोल्ट बदलला. सगळा भार त्या एकट्याने ओढला होता ना! तो जुना बोल्ट आम्ही घरी आणला. आता तो गोठ्याच्या फाटकाच्या कडीला आहे.